नाव न सांगणारी बाई

रवि., १ जून

डॉक्टरणीनं सांगतलं म्हणून लिहून राहिली. बीपी वाढला म्हणे. राग येते का, विचारते. मी म्हटलं येते, आता तुमचाही येऊन राहिला, सकाळपासून बाकड्यावर बसवून ठेवलं. हासली. म्हणे राग आला का तोंडानं काढायचा नाही, कागदावर काढायचा. पूनमची कॉलेजची वही घेतली, अर्धी कोरीच होती. मी चौथी शिकली. अक्षर कोणाले वाचता नाही आलं तं चांगलंच आहे.

आज कामठीहून नागपूरले जाऊन आली. माहेरच्या घाटपुऱ्यात टिनाचे पत्रे अजून तसेच. बायकांच्या घाटापुढं सगळं बंद. वर बोर्ड लावला, त्यावर तलावाचं चित्र, कारंजा, बाकडे, विलायती झाडं. अख्ख्या चित्रात माणूस एक नाही.

मागच्या वर्षी भुजलीच्या दिवशी मी याच पत्र्याले पाठ लावून बसली होती. दिवस बुडेपर्यंत. ती आली नाही.

राग तो आहे. बाकीचा सगळा वरवरचा.

मंगळ., ३ जून

सकाळी यांच्याशी झगडा. म्हणे, "एवढी फिरून राहिली तिच्यासाठी, तं नाव सांग लोकाईले. नाव सांगतलं का माणूस सापडते."

मी म्हटलं, नाव घेता येत नाही, तुम्हाले माहीत आहे.

"माहं नाव तं दिवसभर घेतेस बोंबलून. गल्लीभर रमेश, रमेश."

तुमचं घेतल्यानं काय तुटणार आहे, म्हटलं. लूमवर गेले हासत. लूमचा आवाज सुरू झाला का बोलणं संपलं, ते यांच्या सोयीचं आहे.

लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. आम्ही दोघी घाटपुऱ्याच्या. ती ढिवराची, मी कोष्ट्याची, मधात एक भिंत. तिच्या घरी तलावातले शिंगाडे, आमच्या घरी माग. नागपंचमीले दोघींच्या आया टोपलीत गहू पेरायच्या, भुजली. अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवायच्या, हळदीचं पाणी द्यायच्या. अंधारातले कोंब म्हणून पिवळे निघतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावर नेऊन तलावात माती धुवायची, अन् कोंब एकमेकीच्या कानावर खोवायचे. माही आई गोंदियाकडची, तिनं ही रीत आणली. कानावर खोवून बदली केली का त्या दोघी जन्माच्या भुजल्या. मंग नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं का सुटलं. एकमेकीले भुजलीच म्हणायचं.

आम्ही फ्रॉकमधी होतो तेव्हा केलं. तेव्हापासून तिचं नाव मी घेतलं नाही, तिनं माहं घेतलं नाही. आई म्हणायची, एका वर्षी चुकलं तं तलाव माफ करते, दुसऱ्या वर्षी करत नाही.

एक वर्ष चुकलं.

रवि., ८ जून

परत गेली. पत्र्याले आता एक फाटक केलं, त्यावर चौकीदार बसवला. तिवारी नाव, खुर्चीवर मोबाईल पाहत. म्हटलं आत जायचं आहे. किसको मिलना है? म्हटलं आत राहते ती बाई.

"अंदर कोई नहीं रहता. सब को हटा दिया ठंड में."

मले माहीतच नव्हतं. थंडीत लोकं हलवले अन् मी कामठीत बसून होती, तिच्यावर तोंड फुगवून. म्हटलं कुठं हलवले? म्हणे तीन जागी. कोणते लोक कुठं, ते नाव सांगतल्यावर. नाम बोलो.

मी फाटकातून आत डोकावून पाहिलं.

"अरे नाम तो बोलो माताजी."

माताजी म्हटल्याचा वेगळा राग. म्हटलं, उंच आहे, काळी, नाकात दोन्हीकडं चमकी, हासली का अख्खी गल्ली ऐकते, हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे विकते. तो म्हणे ऐसे तो दस होंगे. मी म्हटलं, दहा नाहीत, एकच आहे. नवऱ्याचं अन् पोराचं नाव सांगतलं, तं म्हणे लिस्ट औरत के नाम पे है, उसका नाम बोलो.

डोकं भणभणलं. बसस्टँडवर उसाचा रस घेतला, तोही गरम.

गुरु., १२ जून

पूनम आली होती माहेरी. ती म्हणते, "आई, बोलू नको ना. कागदावर लिहून दे. लिहिलं तं तोंडातून निघालं नाही."

वकील आहे मोठी. मी म्हटलं, चोरी आईच्या डोळ्यादेखत केली का नंतर केली, चोरीच. म्हणून या वहीतही लिहिलं नाही. कोणी शोधायले बसू नये.

भुजलीचं पोरगं सोनू, त्याचा नंबर होता माह्याजवळ. मागच्या भुजलीपासून बंद लागते. त्याच नंबरवर ती बोलायची, संक्रांतीले, दिवाळीले. बस तेवढंच. आमच्या घरी ती कधी आली नाही. सासू होती तवर ढिवराच्या बाईले उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, म्हणून मी बोलावलंच नाही. सासू गेली. मंग सवय राहून गेली. वर्षातून एकदा घाटावर, तेवढं पुरत होतं दोघींले.

पुरत होतं का? चाल, भाजी जळून राहिली.

रवि., १५ जून

इतवारीत फिरली, दाणाबाजारापासून तलावापर्यंत. ती ज्या कोपऱ्यावर बसायची तिथं आता मोबाईलचे कव्हर विकते एक पोट्टा. शेजारी चण्यावाली आहे, जुनी. तिले विचारलं, शिंगाडेवाली कुठं गेली. म्हणे कोणती? म्हटलं इथंच बसायची ती. म्हणे बुधाजीची? म्हटलं हो, बुधाजीची, बुधाजी वारला तिचा. चेहऱ्यावर ओळख दिसली. मले वाटलं झालं काम.

"हलवलं ना वं त्याईले. मले का माहीत कुठं. नाव काय होतं तिचं? बुधाजीची, बुधाजीचीच म्हणत होतो आम्ही."

नवऱ्याच्या नावानं ओळखते अख्खा बाजार. ज्या एकीले तिचं नाव पाठ आहे, तिले घेता येत नाही. घ्या.

चण्यावालीनं चणे दिले मूठभर. म्हणे बस, सावलीत बस. मी बसली नाही. बसली असती तं रडली असती अन् ते मले बाजारात करायचं नाही.

गुरु., १९ जून

तिवारीनंच सांगतलं हे. मी आज मुद्दाम गेली होती झगडायले. म्हटलं मले आत जाऊ दे, जागा तं पाहू दे. तो म्हणे परमिशन नाही. इतक्यात आतून दोघं निघाले, गळ्यात कॅमेरा. म्हटलं हे कसे गेले? म्हणे ये वॉक वाले हैं, इतवार को लोग लाते हैं पुराना घाट दिखाने, आज तैयारी है.

म्हणजे धरमपेठचे बंगलेवाले लोक टोपी घालून आले का फाटक उघडते. जिची आई या पायऱ्यांवर धुणं धूत मेली तिले परमिशन लागते.

पूनमले फोन केला. म्हटलं त्या वॉकमधी माहं नाव टाक.

"आई, तू हेरिटेज वॉकले जाशील?"

हो जाईन. टोपी पण घालीन लागली तं.

रवि., २२ जून

गेली. टोपी नाही घातली.

पंधरा-वीस लोक, पाण्याच्या बाटल्या, बूट. मी चपलेत. पोरगी आहे एक, अदिती, तीच सगळ्याईले फिरवते. सगळ्याईले विचारत होती कुठून आले. एकजण म्हणे बजाजनगर, एक म्हणे पुणे. माही पाळी आली, म्हटलं इथलीच. ती म्हणे, वा काकू, मग तुम्हीच सांगा आम्हाला. म्हटलं मले काही सांगायचं नाही, तू सांग, लवकर सांग, मले आत जायचं आहे. लोक हासले. मी विनोद नव्हता केला.

तिनं आधी इतवारीत फिरवलं. कोठ्या दाखवल्या, सागवानी खांबाच्या. एका कोठीच्या तुळईले लोखंडाची कडी लोंबते, तिथं कापसाचे गठ्ठे तोलायचे म्हणे. तलावाच्या काठानं बैलगाड्या लागायच्या, धान्य, कापूस, लुगडी. मी लहानपणी त्या कडीले झोका बांधायची, दुकानदार हाकलायचा. तराजूची कडी होती ते मले माहीत नव्हतं. पोरगी चांगलं सांगते, खोटं कशाले बोलू. आवाजही मोठा. पण थांबते गंज वेळ. प्रत्येक दरवाज्याशी थांबते. माहे पाय भाजत होते.

मंग फाटक. तिवारीनं मले पाहून तोंड वाकडं केलं. मी पुढून गेली, त्याच्याकडे न पाहता.

आत घाट आहे. पायऱ्या आहेत, वरच्या दोन तोडल्या. बाकी घाटपुरा नाही. घरं नाहीत, नळ नाही, निंबाचं झाड तेवढं उभं आहे. तिच्या घराची मागची भिंत उभी आहे अर्धी, त्यात देवळी. बाया त्या देवळीचे फोटो काढू लागल्या. एकजण म्हणे, किती सुंदर आहे ना ही कोनाड्याची काजळी, टेक्स्चर.

तिच्या दिव्याची काजळी. रोज संध्याकाळी लावायची. मी सांगतलं नाही. सांगतलं असतं तं विचारलं असतं, कोणाच्या?

घरी येऊन कांदे चिरले, म्हणजे कोणाले कारण विचारायले जागा नाही.

बुध., २५ जून

राग येऊन राहिला, म्हणून लिहिते. ते फोटो काढणाऱ्याईचा नाही आता. तिचाच. वर्षभर मले वाटलं का ती आली नाही. ती पत्र्याच्या आत होती, अन् मी बाहेरून हाका मारत होती. भुजली, वं भुजली. पत्र्यावर हात आपटला. तळवा सुजला होता. एवढं ओरडल्यावर आतल्या माणसाले ऐकू येत नाही? ऐकू आलं असेल. मंग नाही आली.

असं का नाही आली? काय केलं मी?

सासूच्या वेळचं मनात ठेवलं का. चाळीस वर्षानं?

रवि., ६ जुलै

आज परत वॉक. अदिती म्हणे, "काकू, तुम्ही परत आलात! आवडलं ना?" म्हटलं पाहायचं आहे अजून.

घाटावर सगळे फोटोत गुंतले, ती माह्याजवळ येऊन बसली. म्हणे तुम्ही कोणाला तरी शोधता ना. तिवारी बोलला. मी म्हटलं हो. म्हटलं भुजली शोधून राहिली. तिनं नाव नाही विचारलं. भुजली म्हणजे काय ते विचारलं. मी सांगतलं. पूर्ण ऐकलं, मधात बोलली नाही, तेवढं चांगलं केलं. मंग म्हणे, थांबा.

मोबाईल काढला. मागे मागे गेली, गंज मागे. मागच्या वर्षी ती वॉकची तयारी करत होती, रोज यायची फोटो काढायले. राखीनंतरचा दिवस. मोठ्या घाटावरचा फोटो. तलावाच्या त्या काठचा, बाजाराकडला. पायरीवर एक बाई, मांडीवर टोपली, टोपलीत पिवळं.

तीच.

अदिती म्हणे, "ह्या आजी दिवसभर बसल्या होत्या. मी विचारलं कोणाची वाट बघताय, तर मला रागावल्या. म्हणाल्या, तू जा इथून, ती आली तर तुझा कॅमेरा पाहून पळून जाईल."

आजी नाही ती, म्हटलं. माह्याएवढी आहे.

आता समजलं. पत्रे लागले ते तिनं आतून पाहिले, तिले वाटलं ही तिकडून कशी येणार, मोठ्या घाटावर जाईल, तिथं तं सगळे भुजली पाण्यात शिरवतात. म्हणून ती तलाव वळसून तिकडं गेली. अन् मले वाटलं, तिचं घर इथं आहे, ती इथंच येईल. मी इकडं पत्र्याले पाठ लावून. ती तिकडं पायरीवर. मधात तलाव. दिवसभर दोघी एकमेकीच्या नावानं दात खात बसल्या.

नावानं म्हणजे, तसं नाही. नाव घेता तं आलंच नसतं.

मंगळ., ८ जुलै

आज कोणाचा राग करू? ठेकेदाराचा केला. पत्र्याचा केला. बोर्डावरच्या कारंज्याचा केला. मंग तिचा केला, तिनं एकदा तरी इकडं येऊन पाहावं नाही का. मंग आठवलं मीही नाही पाहिलं.

बीपी तपासला नाही. डॉक्टरणीले कशाले दाखवायचं.

रवि., १३ जुलै

तीन जागांपैकी एक पाहून आली, जरीपटक्याच्या पलीकडे. बिल्डिंग आहेत, एकसारख्या, जिन्यात लाइट नाही. पहिल्या बिल्डिंगीत खाली बाया पापड वाळवत होत्या. विचारलं, घाटपुऱ्याचे लोक इथं आले का. आले म्हणे, थोडे. कोण पाहिजे? म्हटलं शिंगाडेवाली, बुधाजीची. एक म्हणे बुधाजी कोण. दुसरी म्हणे नाव सांगा ना, बोर्डावर पाहून सांगते. म्हटलं नाव नाही सांगत. ती दुसरीकडं पाहून म्हणे, "वसुलीवाली दिसते."

मी वसुलीवाली.

म्हटलं वसुलीवाली असती तं नाव पाठ करून आली असती. निघून आली. दुसऱ्या दोन जागी जायचं का, मन झालं नाही. प्रत्येक जिन्यात हेच होईल.

रवि., २० जुलै

आज जे समजलं ते लिहून ठेवते. गिरजाबाई आमच्या शेजारची, नळावर. मी तिले हा फोटो दाखवला, अदितीनं पूनमच्या मोबाईलवर पाठवला तो. सहज दाखवला. गिरजाबाईनं पाहिलं अन् म्हणे, "हे तं दिवाळीत आली होती वं."

कुठं आली होती?

"इथं. आपल्या गल्लीत. विचारत होती, कामठीची लूमवाली बाई कुठं राहते, जोरात बोलते ती. मी म्हटलं इथं सगळ्याच लूमवाल्या, सगळ्याच जोरात बोलतात, नाव सांगा. तं सांगे ना. दोनदा विचारलं, सांगे ना. दिवाळीचे दिवस, घरोघरी फराळ उघडा पडून, मले वाटलं चोर बाई आहे का काय. मी हाकलली."

काहून हाकलली, म्हटलं.

"आता नाव न सांगणारी बाई म्हणजे काय समजायचं माणसानं?"

मी गिरजाबाईले काही बोलली नाही. बोलली असती तं गल्ली सोडावी लागली असती तिले नाहीतर मले. घागर घेऊन घरात आली, दार लावलं.

माह्या दारापर्यंत आली ती. उंबऱ्याच्या बाहेरून गेली. माहं नाव तिच्या तोंडात होतं, अन् तिनं गिळलं.

सोम., २१ जुलै

हे म्हणे, "आता तं कळलं ना, ती रागावली नव्हती. आता चूप बस."

मी म्हटलं, दिवाळीपासून ती समजत असेल का मीच दार नाही उघडलं.

हे लूमवर गेले, आज हासले नाहीत.

मंगळ., २९ जुलै

नागपंचमी. गहू पेरले. टोपलीत पळसाचं पान, काळी माती, गहू, वरून माती. हळदीचं पाणी. पलंगाखाली झाकून ठेवली. हे म्हणे पलंगाखाली काय आहे, उंदीर होतील. म्हटलं तुम्ही आहात तेवढे पुरे.

ती पण पेरत असेल का? बिल्डिंगीत अंधारा कोपरा तं गंज सापडेल.

नसेल पेरत तं मले काय. मी पेरले.

रवि., ३ ऑगस्ट

घाटावर गेली. अदितीले म्हटलं, भुजलीच्या दिवशी कुठं बसू? तिकडं का इकडं? मी तिकडं गेली अन् ती इकडं आली तं परत तेच.

अदिती म्हणे, काकू, फोटो टाकू का फेसबुकवर, नाव द्या फक्त, दोन दिवसात सापडतील. म्हटलं फोटो टाक. नाव नाही. म्हणे नावाशिवाय लोक कसे ओळखणार. म्हटलं नाव टाकलंस न ती सापडली, तं मले कोण सापडलं? एक बाई. भुजली नाही.

मंग म्हणे, "मग त्याच्या उलट करू."

तिचीच कल्पना आहे, माही नाही. म्हणे तुम्हाला नाव सांगता येत नाही, त्यांनाही येत नाही. म्हणजे जी बाई नाव सांगणार नाही, तीच त्या. सगळ्यांना तेवढंच सांगून ठेवू.

शिकलेली पोरगी कधीकधी कामाची निघते.

तिवारीले सांगतलं. राखीनंतरच्या दिवशी कोणी बाई आली, टोपली घेऊन, अन् नाव विचारल्यावर सांगत नसेल, तं हाकलायचं नाही, आत बसवायचं. तो म्हणे, "नाम नहीं बताएगी तो अंदर? उल्टा कानून." म्हटलं हो उलटा. इतके दिवस सरळ होता तं काय झालं.

चण्यावालीले सांगतलं. जरीपटक्याच्या पलीकडच्या बिल्डिंगीत परत गेली, पापडवालीले सांगतलं, नाव न सांगणारी कोणी असेल तं तिले सांग का भुजली मोठ्या घाटावर बसते. पापडवाली म्हणे, "म्हणजे वसुलीवाली नव्हती तुम्ही." म्हटलं, वसूलच करायचं आहे, पण वेगळं. बाकीच्या दोन जागी अदिती गेली तिच्या गाडीवर.

गिरजाबाईले पण सांगतलं. नाव न सांगणारी आली तं घरात घ्यायची, माह्या घरात, पाणी द्यायचं, खाटेवर बसवायचं. गिरजाबाई म्हणे खरंच चोर निघाली तं? म्हटलं तं काय नेईल. रमेशले नेईल.

शनि., ९ ऑगस्ट

राखी. भाऊ आला नाही, फोन केला. राखी पोस्टानं गेली होती, पोचली म्हणे.

भुजली वर काढली. पिवळीधमक, वीतभर. वास येते कोवळा. पूनम म्हणे आई मी येते उद्या सोबत. म्हटलं नको. तू आलीस का मी तुह्याशी बोलत बसेन, अन् ती दिसली तं दिसणार नाही मले.

रवि., १० ऑगस्ट

मोठ्या घाटावर बसून लिहून राहिली. शाई पुसते, पायरी ओली आहे. गर्दी आहे सकाळपासून, भुजलीवाल्या कमी, बाकी मासोळ्याईले कणीक टाकणारे. मी टोपली मांडीवर घेतली, तिच्यासारखी, फोटोतल्या. त्याच पायरीवर.

अदिती येऊन गेली. फोटो नाही काढला. तिले सांगतलं होतं.

पाऊस थांबून राहिला, परत येऊन राहिला. उपाशी आहे. चण्यावालीनं मघाशी चणे पाठवले.

दुपार झाली. कोणी नाही. राग कोणाचा करायचा तेही सुचून नाही राहिलं.

समोर, तलावाच्या पलीकडं, बायकांच्या घाटावर, निंबाखाली तिवारी उभा आहे. हात हलवून राहिला. मले हलवून राहिला का कोणाले. त्याच्या मागं पायरीवर कोणी बसलं आहे. बाई आहे. लुगडं का साडी, रंग समजत नाही. मांडीवर काही आहे. टोपली असेल. पिशवीही असेल. कोणी मजूर बाईही असेल, जेवायले बसलेली. मान खाली आहे.

हाक मारली, भुजली. दोनदा. इकडच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं, आजच्या दिवशी भुजली कोण नाही. पलीकडं नाही ऐकू गेलं.

नाव घेतलं तं वळेल. तिचं नाव लांब जाते, मले माहीत आहे, लहानपणी तलावापार जायचं. घेतलं अन् वळली, तं तीच आहे, अन् मंग ती भुजली नाही. घेतलं अन् नाही वळली, तं नुसतं तोंड विटाळलं.

तोंडाशी आलं होतं. गिळलं. तिनं आमच्या गल्लीत गिळलं होतं तसंच.

आता पायानं जायचं. तलाव वळसून, बाजारातून, टिनाच्या फाटकापर्यंत. तवर बसेल का ती? मागच्या वर्षी दोघी बसून राहिलो, यंदा तिलेही बसवणार नाही, मले बसवत नाही. दोघी सारख्याच उतावळ्या. मी इथून निघाली न ती तिथून निघाली, तं परत मधातच राहू.

म्हणून अर्धी भुजली इथं पायरीवर ठेवून राहिली, पळसाच्या पानात. चण्यावालीले बोलावून बसवलं जवळ. म्हटलं, नाव न सांगणारी आली, तं हे तिच्या कानावर खोवू नको, ते माहं काम आहे. तिले फक्त बसव. उठली तं पदर धरून बसव.

"अन् शिव्या दिल्या तं?"

शिव्या दिल्या तं तीच आहे, म्हटलं. दोन दे परत, माह्यातर्फे.

अर्धी टोपलीत घेतली. वही पिशवीत टाकते. तिवारी अजून हात हलवून राहिला.

बस म्हणावं तिले. येऊन राहिली.